सेल्फ मारला की ट्विटरमधून ‘कुईं’: डायनॅमो बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातच सेकंडहँड घेतलेली २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. डिकीत चार चॅनलचा ॲम्प, त्याच्या दोन चॅनलवर पुढच्या दारातले कंपोनंट स्पीकर आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबवूफर. गाणी छान वाजतात, पण सेल्फ मारला की ट्विटरमधून (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) बारीक ‘कुईं’ सुरू होते, ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाते, संध्याकाळी हेडलाइट आणि एसी लावला की आणखी वाढते. दुकानात आधी स्टिरिओच्या पॉवर वायरीत फिल्टर घातला, मग ॲम्पजवळ कॅपॅसिटर लावला. फरक शून्य. आता ‘डायनॅमो बदला’ असा सल्ला मिळालाय.

डायनॅमो इतक्यात बदलू नका. वर्णनावरून तो बिघडलेला असण्याची शक्यता कमी वाटते. फिल्टर आणि कॅपॅसिटर हे दोन्ही ‘कुईं कुठून शिरते’ हे न बघता लावले गेले, आणि आता तिसरा, सगळ्यात महागडा भागही तसाच लागणार आहे. माझ्याकडं अशा तक्रारीच्या गाड्या सतत येतात. त्यांत खराब डायनॅमो क्वचित निघतो. निघते ती रंगावर कसलेली अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला दिलेली निगेटिव्ह जोडणी), स्टिरिओमागची उसनी अर्थ, नाहीतर ॲम्पवरचा पूर्ण पिळलेला गेन. यातलं काय आहे हे घरासमोर गाडी लावून, एक मीटर आणि दोन-चार पिना घेऊन शोधता येतं.

आधी ही कुईं म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. डायनॅमो तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्याच्या पाठीमागचे सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी राहतात. बहुतेक डायनॅमोंत बारा पोल असतात, म्हणजे रोटरच्या एका फेऱ्यात सहा आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनात सहा लहरी, एकूण छत्तीस. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर असेल आणि पुली डायनॅमोला अडीचपट फिरवत असेल, तर डायनॅमो २,००० आरपीएमवर फिरतो आणि सेकंदाला १,२०० लहरी होतात. इंजिन २,००० वर नेलं की ३,००० लहरी, ३,००० वर नेलं की ४,५००. माणसाचा कान नेमका २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. म्हणून थोड्या मिलिव्होल्टची लहरसुद्धा ट्विटरमधून कानात घुसते. सबवूफरमधून ती येत नाही, कारण फक्त जाड सूर पुढं सोडणाऱ्या त्याच्या लो-पास फिल्टरनं ती आधीच कापलेली असते. ‘सबवूफर गप्प आहे, म्हणजे ॲम्प चांगला आणि पुढचे स्पीकर खराब’ असा निष्कर्ष काही जण काढतात, तो यामुळंच चुकतो.

या लहरी शोरूममधून आज निघालेल्या गाडीतही असतात. त्या नाहीशा करता येत नाहीत आणि करायची गरजही नाही. बघायचं एवढंच, की त्या गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळतात कुठं.

बहुतेक वेळा मिसळण्याची जागा आरसीए वायर, म्हणजे स्टिरिओकडून ॲम्पकडं गाण्याचा सिग्नल नेणारी वायर, असते. तुमच्या स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डच्या मागं कुठंतरी आहे आणि ॲम्पची डिकीत. मध्ये तीन-चार मीटर पत्रा, वेल्डिंगचे सांधे, बोल्ट. त्याच पत्र्यातून हेडलाइट, ब्लोअर, फ्युएल पंप, ॲम्प या सगळ्यांचा परतीचा करंट बॅटरीकडं जात असतो. त्यामुळं दोन्ही अर्थ ‘शून्य’ म्हटल्या तरी त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक राहतो आणि त्या फरकावर डायनॅमोच्या लहरी बसलेल्या असतात. आता आरसीए वायरीची बाहेरची जाळी या दोन अर्थांना आपसांत जोडते. शेताच्या दोन टोकांची पातळी वेगळी असली की पाटातून पाणी आपोआप वाहायला लागतं, तसा त्या जाळीतून करंट वाहायला लागतो. यालाच ग्राउंड लूप किंवा नुसतं लूप म्हणतात. ॲम्प आतल्या तारेचा सिग्नल त्याच जाळीच्या तुलनेत मोजतो, त्यामुळं जाळीवरची लहर त्याला गाण्याचाच भाग वाटते आणि तो ती इमानदारीनं मोठी करून स्पीकरला देतो.

संध्याकाळी कुईं का वाढते, तेही यातच आलं. हेडलाइट, ब्लोअर आणि एसीचा क्लच चालू झाला की डायनॅमोला जास्त करंट द्यावा लागतो. लहरी मोठ्या होतात, आणि पत्र्यातून जास्त करंट परतत असल्यानं दोन अर्थांमधला फरकही वाढतो. तुम्ही प्रश्नात हा तपशील दिलात ते फार बरं केलंत. माझा संशय अर्थिंगकडं सगळ्यात जास्त वळला तो त्यामुळंच. पॉवरच्या वायरीत घातलेला फिल्टर निरुपयोगी ठरला त्याचंही कारण हेच: कुईं लाल वायरीतून येतच नाहीये.

दुसरी गोष्ट गेनची. ती सगळ्यात आधी बघा, कारण तिला खर्च काहीच नाही. किती व्होल्टच्या सिग्नलला ॲम्पनं पूर्ण ताकद द्यायची ते गेन ठरवतो, पण त्याला व्हॉल्यूमचं बटण समजून पिळून ठेवायची सवय आपल्याकडं फार आहे. तुमच्या ॲम्पचा गेन ०.२ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण वर, ठेवलेला असेल आणि जाळीवर २ मिलिव्होल्टची लहर असेल, तर ती पूर्ण क्षमतेच्या फक्त ४० डेसिबल खाली राहते. १०० वॉटच्या चॅनलवर हे दहा मिलिवॉट झाले, आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर तेवढ्यातही एक मीटरवर ७० डेसिबल आवाज काढतो. म्हणजे चांगलं ऐकू येण्याइतका. तोच गेन २ व्होल्टवर आणला की तीच लहर ५० डेसिबलवर येते आणि चालत्या गाडीत बुजून जाते. आता स्टिरिओचा प्रीआउट, म्हणजे त्याच्या आरसीए आउटपुटचा सिग्नल, दोन व्होल्टचा असेल तर गेन २ व्होल्टच्या आसपासच हवा. अँड्रॉइड स्टिरिओच्या खोक्यावर चार व्होल्ट छापलेलं असतं, प्रत्यक्षात निम्मंही मिळत नाही असं पुष्कळदा दिसतं, म्हणून छापलेल्यावर न जाता मोजूनच लावा. पुढच्या चॅनलसाठी स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून सोडवून, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला ठेवून, १,००० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टेस्ट टोन वाजवा आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन चढवा. चॅनल ४ ओहमवर ७५ वॉटचा असेल तर १७ व्होल्टला थांबायचं (वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ). सबवूफरला हाच प्रयोग ५० हर्ट्झच्या टोनवर. स्टिरिओतले इक्वलायझर, लाउडनेस, ‘बेस बूस्ट’ सगळं बंद ठेवून.

गेन नीट लावल्यावर कुईं जवळजवळ गेली तरी पुढची तपासणी करा, असं मी सांगेन. शिरायची जागा उघडीच आहे. पावसाळ्यात ती पुन्हा बोलायला लागते.

आता तपासणी. गाडी मोकळ्या हवेत लावा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवत बसू नका. हँडब्रेक, न्यूट्रल. आरसीएची कुठलीही पिन काढता-घालताना आधी सिस्टिम बंद करा. चालू असताना पिन ओढली तर स्पीकरमधून मोठा ठोका बसतोच, शिवाय स्टिरिओचंही नुकसान होऊ शकतं, ते कसं ते पुढं येईल. डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या स्लीव्हच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

इंजिन चालू करा आणि व्हॉल्यूम शून्य करा. कुईं तेवढीच राहिली तर ती स्टिरिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढं, म्हणजे आरसीए किंवा ॲम्पपाशी शिरतेय. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर ती स्टिरिओच्या आत किंवा त्याच्या सोर्समध्ये आहे. मग सोर्स बदलून बघा. ब्लूटूथवर नाही पण फोन ऑक्सला आणि चार्जर सॉकेटला लावला की येते, तर तो चार्जर आणि ऑक्स यांच्यातला लूप आहे, ॲम्पचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त एफएमवर येते तर अँटेना आणि तिचा बूस्टर बघा.

मग मुख्य चाचणी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आरसीएच्या साध्या पिना आणा, प्रत्येक पिनेचं मधलं टोक आणि बाहेरचं कडं एका तारेनं जोडून सोल्डरचा डाग द्या. सिस्टिम बंद करून ॲम्पच्या इनपुटमधून स्टिरिओच्या आरसीए काढा आणि तिथं या शॉर्ट केलेल्या पिना घाला. फक्त ॲम्पच्या इनपुटमध्ये. स्टिरिओच्या आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला त्या कधीही लावायच्या नाहीत. आता इंजिन चालू करून रेस करा. कुईं अजूनही येत असेल तर दोष ॲम्पकडं आहे: त्याची अर्थ, त्याची पॉवर, तो स्वतः, किंवा स्पीकरच्या वायरी. पूर्ण शांतता झाली तर ॲम्प आणि त्याच्या पुढचं सगळं निर्दोष, मागं चला.

शांतता झाली तर शॉर्ट पिना काढून, बॅटरीवर चालणारा फोन, चार्जरला न लावलेला, साध्या केबलनं थेट ॲम्पच्या इनपुटला जोडा आणि गाणं हळू वाजवा. फोनला गाडीची अर्थ नाही, त्यामुळं लूप तयारच होऊ शकत नाही. इथं कुईं नसेल तर तोच फोन पुढं डॅशबोर्डपाशी आणा आणि गाडीत ओढलेल्या आरसीए वायरीतूनच वाजवा. तरीही शांतता राहिली तर वायर आणि तिचा मार्ग बरोबर आहे, उरला तो स्टिरिओ आणि त्याची अर्थ. वायरीतून वाजवल्यावर कुईं आली, तर वायर पॉवर केबलला चिकटून गेलीय किंवा तिची जाळी कुठंतरी तुटलीय. या तीन पायऱ्यांत गाडीचे तीन भाग वेगळे होतात. एवढं अर्ध्या दुपारात होतं, आणि त्यानंतरच्या कामाला अंदाज लागत नाही.

तुमच्या बाबतीत दोष स्टिरिओकडं निघेल असं मला वाटतं, म्हणून तिथं जरा जास्त लिहितो.

अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना अर्थ बहुतेक वेळा कंपनीच्या कपलरमधल्या काळ्या वायरीवरच घेतात. ती वायर मूळ स्टिरिओपुरती बारीक असते आणि डॅशमागं इतर उपकरणांबरोबर एकाच अर्थ पॉइंटला जाते. ती सोडून स्टिरिओची काळी वायर तात्पुरती एका लांब वायरीनं थेट डिकीतल्या ॲम्पच्या अर्थ बोल्टला जोडून बघा. कुईं गेली किंवा पडली तर निदान पक्कं झालं. कायमच्या कामासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर तशीच, ॲम्पच्या अर्थ पॉइंटपर्यंत ओढा. फरक अर्धवटच पडला तर स्टिरिओला दुसरीकडून अर्थ मिळतेय असं समजा: अँटेनाच्या केबलची जाळी छतावर पत्र्याला जोडलेली असते, धातूच्या पट्ट्याही स्टिरिओच्या खोक्याला बॉडीशी जोडतात. अँटेना काढून बघितली की लगेच कळतं.

मग रिव्हर्स कॅमेरा. हा दोष मला अलीकडं वरचेवर भेटतो आणि कुणाचं लक्ष तिकडं जात नाही. कॅमेऱ्याला पॉवर आणि अर्थ मागच्या दिव्यावरून दिलेली असते, आणि त्याच्या व्हिडिओ केबलची जाळी पुढं स्टिरिओला जोडलेली. म्हणजे ॲम्पला हात न लावता एक दुसरा लूप तयार झाला. स्टिरिओच्या मागून कॅमेऱ्याची पिवळी पिन काढा आणि ऐका. कुईं थांबली तर कॅमेऱ्याची अर्थ मागच्या दिव्यावरून काढून स्टिरिओच्याच अर्थपाशी आणा. डॅशकॅम, चार्जिंगचे यूएसबी अडॅप्टर आणि पायाशी लावलेल्या रंगीत एलईडी पट्ट्यासुद्धा एकेक करून काढून बघा. त्यांचा आवाज बहुतेक वेळा रेसबरोबर चढत नाही, एका सुरात राहतो, पण दोन आवाज एकत्र आले की कान फसतो.

स्टिरिओचा एक दोष असा आहे की तो सापडला नाही तर माणूस महिनोन्‌महिने बाकीचं सगळं बदलत बसतो. काही स्टिरिओंत आरसीएच्या बाहेरच्या कड्याची अर्थ एका अतिशय बारीक फ्यूजमधून किंवा सर्किट बोर्डावरच्या पातळ पट्टीतून जाते. ॲम्पची अर्थ ढिली झाली, की ॲम्पला लागणारा करंट आरसीएच्या जाळीतून परतायचा प्रयत्न करतो आणि ती पट्टी जळते. चालू सिस्टिममध्ये पिन ओढल्यावरही हे होतं. गाणी वाजत राहतात, पण कुईं एकदम मोठी होते. तपासायचं असं: स्टिरिओची पॉवर आणि आरसीए दोन्ही सोडवून, आरसीए आउटपुटचं कडं आणि स्टिरिओचं धातूचं खोकं यांच्यात मीटरनं कंटिन्युइटी (जोडणी सलग आहे का) बघा. ती नसेल तर जोडणी जळालेली असण्याची दाट शक्यता. खात्री करायला एक उघडी तार आरसीएच्या कड्याभोवती गुंडाळून दुसरं टोक खोक्याच्या स्क्रूला लावा. कुईं तिथंच गप्प झाली तर बोर्डावर ती जोडणी डाग देऊन दुरुस्त करून घ्या. पण आधी ॲम्पची अर्थ नीट करा, नाहीतर ती पुन्हा जळेल.

आता समजा शॉर्ट पिना घालूनही कुईं राहिली, म्हणजे दोष ॲम्पकडं. डिकीचा गालिचा उचला आणि अर्थ कुठं कसलीय ते डोळ्यानं बघा. सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त दिसणारं काम म्हणजे रंगवलेल्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारून त्याखाली वायरीचं टोक दाबणं. तो स्क्रू दोन-तीन आट्यांवर पत्रा धरून असतो. शिवाय डिकीखाली काय आहे हे न बघता मारलेला स्क्रू पेट्रोलच्या टाकीपर्यंत किंवा पाइपपर्यंत जाऊ शकतो. सीट बेल्टचा बोल्टही अर्थिंगला वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला ठरलेला टॉर्क असतो आणि आट्यांवर चिकट लेप असतो, त्यामुळं कॉन्टॅक्टही नीट मिळत नाही. जाड पत्र्याची जागा निवडा, पॉलिशपेपरनं रंग आणि प्रायमर पूर्ण काढून रुपयाएवढा चकचकीत लोखंडी गोल दिसू द्या, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावा, दातेरी वॉशर घाला, नट-बोल्टनं कसा आणि मग वरून व्हॅसलिन किंवा रंगाचा हात द्या, म्हणजे गंज धरत नाही. वायर पॉवरच्या वायरीएवढीच जाड आणि लांबी साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत.

ही अर्थ चांगली आहे का हे ओहमच्या रेंजवर तपासू नका, साधा मीटर इतक्या कमी ओहमला खरं बोलत नाही. गाणं जोरात वाजत असताना, डीसी व्होल्टच्या रेंजवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ किंवा पुढं गेलं तर वाटेत कुठंतरी कच्चा सांधा आहे, आणि तो डिकीतच असेल असं नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंतचा आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतचा पट्टाही काढून, घासून, पुन्हा कसा. तुमच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर असेल, जसा स्टार्ट-स्टॉप किंवा माइल्ड हायब्रिड गाड्यांना असतो, तर जादा अर्थ थेट टर्मिनलवर न घेता बॉडीवर घ्या. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचं गणित बिघडतं.

वायरीबद्दल कोल्हापूरकरांना एक सांगावंसं वाटतं. ‘चार गेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमध्ये पुष्कळदा जाड रबर आणि आत थोडी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. एक तार पात्यानं खरवडा, आत पांढरी दिसली की कळलं. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. खरी चार गेज वायर म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर तांबं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची एवढी कामं चालतात की तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल मिळायला अडचण नाही. मऊ असते, बारीक तारांची असते आणि माप खरं असतं. फक्त ‘तांब्याचीच द्या’ असं स्पष्ट सांगा, ॲल्युमिनियमचीही मिळते. लग हातोडीनं चेपू नका. पॅनेल वायरिंग करणाऱ्या कुणाकडूनही हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घ्या. इंजिनच्या बाजूला तिच्यावर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. त्या फ्यूजबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पत्र्याला घासून लाल वायर शॉर्ट झाली तर गाडी जळते.

आरसीए आणि पॉवर वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या, जिथं ओलांडावंच लागेल तिथं काटकोनात. हे सगळे सांगतात आणि बरोबरही आहे, पण तुमच्यासारखी स्थिर, चढती कुईं केवळ जवळून गेलेल्या वायरीमुळं येणं मी कमी बघितलंय.

तुमची गाडी इथलीच सेकंडहँड आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून तपासा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं आणि पुष्कळ गाड्या त्यात उभ्या होत्या. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून विकली जाते. इंजिन ठीक चालतं, पण अर्थ पॉइंट आतून कुजत राहतात. स्टेपनीच्या खड्ड्यात तळाला गाळाचा थर, सीटच्या रेलवर गंज, गालिच्याखालच्या फोममध्ये माती, कपलरच्या पिनांवर हिरवट पूड असं काही दिसलं तर कंपनीचे बॉडी अर्थ पॉइंट शोधून एकेक उघडा. ते साधारण पुढच्या दोन्ही दारांच्या आत, पायाशेजारच्या पॅनेलमागं, डॅशच्या खाली आणि डिकीच्या बाजूला असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, घासा, पुन्हा कसा. पुरात न सापडलेल्या पण गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाड्यांनाही हे लागू आहे. पावसाळा सुरू झाला की अशा तक्रारी वाढतात.

एवढं करून मगच डायनॅमोकडं या. बॅटरीची टर्मिनल साफ करून, इंजिन २,००० आरपीएमवर आणि हेडलाइट लावून, बॅटरीवर डीसी मोजा. साध्या डायनॅमोच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास हवं. मग मीटर एसीवर घेऊन लहर मोजा. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर डायनॅमोला दोष देऊ नका. अर्ध्या व्होल्टच्या पुढं असेल तर डायोड गेलाय असं धरायला जागा आहे. इथं मीटर चांगला लागतो. बाजारातला सगळ्यात स्वस्त पिवळा मीटर २०० व्होल्ट एसीच्या रेंजवर साध्या बॅटरीलाही पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतो आणि त्यावरून ‘डायनॅमो एसी मारतोय’ असं निदान झालेलं मी ऐकलंय. चांगला मीटर नसेल तर डायनॅमो-सेल्फच्या जाणकार मिस्त्रीकडून मोजून घ्या. कानालाही फरक कळतो: डायोड गेला की लहरींची रांग तुटते आणि बारीक कुईंखाली जाड, घोगरा गुरगुराट येतो, बॅटरीही पुरेशी भरत नाही. डायोड खराब निघालाच तरी आख्खा डायनॅमो बदलावा लागत नाही, डायोड प्लेट बदलून मिळते. थकलेली जुनी बॅटरीही लहरी शोषून घेत नाही, तिचं वय बघा.

लावलेल्या दोन वस्तूंचं काय? कॅपॅसिटर राहू दे, त्यानं बिघडत काही नाही, पण कुईंवर तो उपाय नाही. स्टिरिओच्या पॉवर वायरीतला फिल्टर काढून टाका. त्याचं कच्चं जोडकाम हेच उद्या दुखणं होईल. यानंतर तुम्हाला आरसीएमध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर सुचवला जाईल. ऑक्स आणि चार्जरच्या लूपवर तो योग्य उपाय आहे. आरसीएवर मात्र तो घालून बघणं म्हणजे निदान, इलाज नव्हे: घातल्यावर कुईं गेली तर लूप आहे हे सिद्ध झालं, आता काढा आणि अर्थ दुरुस्त करा. आतले छोटे ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातात, आणि तुम्ही सबवूफरवर पैसे बेससाठीच घातलेत.

कुईं जाऊन रेसबरोबर ‘टिकटिक’ उरली तर ती वेगळी तक्रार आहे, इग्निशनची. प्लग अलीकडं बदललेत का ते बघा. रेझिस्टर असलेलाच प्लग हवा. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर त्यासाठी असतं. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर त्याच्या इंजेक्टरच्या वायरी आरसीएच्या जवळून गेल्यात का तेही बघा. नुसती ‘स्स्स’ उरली, रेसशी संबंध नसलेली, तर ती गेनची किंवा स्टिरिओच्या स्वतःच्या आउटपुटची. गेन मोजून लावल्यावरही ती खटकत असेल तर चांगल्या प्रीआउटचा स्टिरिओ घेण्यावाचून उपाय नाही.

आता क्रम असा धरा: गेन, शॉर्ट पिना, फोन, कॅमेऱ्याची पिन, स्टिरिओची तात्पुरती अर्थ. शॉर्ट पिना घातल्यावर कुईं राहिली की गेली, ॲम्पच्या अर्थवर किती व्होल्ट पडतात आणि बॅटरीवर लहर किती, हे तीन निकाल मला कळवा. स्टिरिओची अर्थ ओढायची की डिकीतली नवी करायची, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.